आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण: ठिपक्यांसाठी घ्यावी अशी वस्तू

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्याचं काम होईल. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घ्या. पण खोक्यावर छापलेली चित्रं मनात धरून घेऊ नका. त्या चित्रांतला एकही ग्रह डोळ्याला तसा दिसत नाही. चंद्र आणि शनी सोडले तर बाकी सगळे ठिपके, फार तर बारीक चकत्या. त्या ठिपक्यावर काय चाललंय हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे पैसे मात्र पहिल्या हिवाळ्यातच वसूल होतात. म्हणून आरसा, स्टँड, आयपीस (डोळा लावायचं भिंग) यांबद्दल सांगेन, पण जास्त लिहिणार आहे ते ठिपक्यांबद्दल. दुकानदार त्यातलं काही सांगत नाही.

माझं सांगोल्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या सबमर्सिबल, विहिरीवरचे मोनोब्लॉक, पिठाच्या गिरणीच्या मोटरी. दिवसभर तांब्याची तार आणि वार्निशचा वास. आमचा तालुका कमी पावसाचा, त्यामुळे वर्षातले बरेच महिने आभाळ मोकळं असतं. गावाबाहेर डाळिंबाच्या बागांकडे गेलं की अंधारही चांगला मिळतो. दुर्बीण घेण्यामागे एवढंच कारण होतं.

आठ इंच हा आरशाचा व्यास, म्हणजे २०३ मिलिमीटर. फोकल लांबी, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिलिमीटर. सोबत २५ आणि १० मिलिमीटरचे आयपीस आले, फोकल लांबीला त्यांनी भागलं की ४८ पट आणि १२० पट. ६ मिलिमीटरचा मी वेगळा घेतला, त्यावर २०० पट मिळतं. त्याच्या पुढे आमच्याकडच्या हवेत प्रतिमा नुसती मोठी होते, तपशील काही वाढत नाही. एखाद्या लहान दुर्बिणीवर ‘६०० पट’ असं लिहिलेलं दिसलं तर ती घेऊ नका. सगळं धरून मला साधारण ५५ हजार रुपये पडले.

या घडणीला ज्यांचं नाव मिळालं ते जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात वीसहून जास्त वर्षं संन्यासी होते. जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा घासून ते आरसे करायचे आणि पुढे दुर्बीण फुटपाथवर लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला बघायला बोलवायचे. म्हणून या यंत्रात ट्रायपॉड नाही, मोटर नाही, वायर नाही. लाकडी पेटीत नळी टेकलेली, हाताने ढकलायची. पैसे सगळे आरशात गेलेले आहेत, आणि ते तसेच जायला हवेत.

पेटीचं काम मात्र मला पसंत नाही. बोर्ड पार्टिकलचा, आणि कापलेल्या कडा बऱ्याच ठिकाणी उघड्या. पावसाळ्यात असा बोर्ड ओल धरून फुगतो आणि मग गोल फिरणं अडतं. दुकानातलं इन्सुलेटिंग वार्निश घेऊन कडांना दोन हात मारले, ते चांगलं बसलंय. आडवं फिरवताना दुर्बीण आधी अडायची आणि मग एकदम सुटायची. २०० पटीवर अशी सुटली की गुरू नजरेतून जातो. मधला नट किंचित सैल करून खाली पातळ वॉशर घातल्यावर चाल सुधारली. पाठवणाऱ्या दुकानाने फाइंडरच्या (रोख धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या) कंसाचा एक स्क्रूच टाकला नव्हता, आणि फोनवर ‘बघतो साहेब’ यापलीकडे उत्तर नाही. चार एमएमचा स्क्रू माझ्याकडे होता म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी माल ताब्यात घेतानाच खोकं उघडून सगळं मोजून घ्यावं.

आता गुरू.

४८ पटीला गुरू आणि त्याचे चार मोठे चंद्र एका ओळीत दिसतात. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिले ते हेच चार: आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. २०० पटीला हवा शांत असेल तर आयो किंचित पिवळसर वाटतो. तो पिवळेपणा गंधकाचा आहे. सूर्यमालेत सगळ्यात जास्त ज्वालामुखी याच चंद्रावर आहेत, चारशेहून जास्त जागते. लाव्हा १२०० अंशांच्या पुढचा, आणि लाव्हा नाही त्या जमिनीवर उणे १३० अंशांच्या आसपास. काही ज्वालामुखींचे फवारे तीनशे किलोमीटर वर जातात. लोकी नावाच्या एका खड्ड्यात लाव्हाचं तळं आहे, रुंदी सुमारे २०० किलोमीटर. सांगोल्याहून निघालेला माणूस सरळ रेषेत तेवढं अंतर गेला तर पुण्याच्या पुढे पोचतो.

ही उष्णता येते कुठून, हा प्रश्न मला माझ्या धंद्यामुळे जास्त जवळचा. आयो आपल्या चंद्रापेक्षा थोडासाच मोठा. एवढ्या लहान गोळ्याची मुळातली उष्णता केव्हाच संपायला हवी होती. पण युरोपा आणि गॅनिमीड त्याला त्याच्या कक्षेत सारखे ओढत असतात. गॅनिमीडची एक फेरी होते तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार. त्या ओढाताणीमुळे आयोची कक्षा पुरती गोल होत नाही. तो गुरूच्या कधी जवळ जातो, कधी लांब, आणि दर फेरीला त्याची घन जमीन शंभर मीटरपर्यंत वरखाली होते. जाड तार हातात धरून चार-सहा वेळा एकाच जागी वाकवली की ती जागा चटका देते. आयोचं तेच होतंय, अब्जावधी वर्षं. स्टॅन्टन पील हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हे गणित मांडून २ मार्च १९७९ ला प्रसिद्ध केलं. व्हॉयेजर १ यान तीनच दिवसांनी आयोजवळून गेलं, आणि त्याच आठवड्यात लिंडा मोराबिटो यांना एका फोटोत आयोच्या कडेवर उठलेला फवारा दिसला. आधी कागदावर गणित आणि आठवड्याच्या आत पुरावा, असं विज्ञानातसुद्धा रोज घडत नाही.

पण या दुर्बिणीतून फवारे दिसत नाहीत, लाव्हा दिसत नाही. मग ५५ हजार कशाला घालवले? तर आयोच्या ग्रहणासाठी.

आयो साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती फिरतो आणि दर फेरीला सुमारे दोन तास गुरूच्या सावलीत असतो. आयोवर जी विरळ हवा आहे ती सल्फर डायऑक्साइडची. उन्हात जमिनीवरचा गोठलेला थर उडून तिची हवा होते. सावलीत शिरल्यावर त्या थराचं तापमान उणे १४८ वरून उणे १६८ पर्यंत उतरतं आणि बरीचशी हवा गोठून जमिनीवर बसते. हवाई बेटांवरच्या जेमिनी दुर्बिणीतून २०१३ मध्ये हे मोजलं गेलं, निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. एका जगाची हवा दर दोन दिवसांनी खाली पडते आणि परत उठते. आणि ती कोणत्या मिनिटाला पडायला लागते, हे सांगोल्यातून दिसतं.

गेल्या हिवाळ्यात गुरू मिथुन राशीत, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ होता. नोव्हेंबरात पहाटे डोक्यावर यायचा. अशा एका पहाटे थोरली मुलगी, शेजारचे बापू आणि मी, तिघे बागेजवळ होतो. बापूंचं वय सत्तरीच्या पुढे, रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला उठलेच होते. मुलीचा डोळा आयपीसला. गुरूच्या पश्चिमेला, त्याच्या कडेपासून थोडं सुटून आयो होता. तीन-चार मिनिटं तो मंद मंद होत गेला. मध्ये काही आडवं आलं नाही, ढग नाही, गुरूही नाही.

‘पप्पा, विझला.’

बापूंनी डोळा लावला. ‘गेला कुठं?’

‘गेला नाही बापू, तिथंच आहे. गुरूच्या सावलीत शिरला.’

‘म्हणजे तिकडं अंधार पडला.’

‘अंधार पडला, आणि तिथली हवा गोठून भुईवर पडतीय.’

बापू त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले. मी नळी दोनदा सरकवून गुरू परत मध्ये आणला तरी त्यांनी डोळा काढला नाही. मग विचारलं, ‘आणि ऊन आल्यावर?’

‘परत हवा होती.’

‘दर वेळी?’

‘दर वेळी.’

दुर्बिणीतून त्या वेळी दिसत होतं ते एवढंच, की एक ठिपका होता आणि आता नाही. दहा हजारांचं काही विकत घेऊन पडद्यावर आयोचे फोटो हवे तेवढे बघता येतील, अंतराळयानांनी काढलेले, एकेक डोंगर दिसणारे. जूनो यान ३० डिसेंबर २०२३ ला आणि पुन्हा ३ फेब्रुवारी २०२४ ला आयोपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवरून गेलं, ते फोटो बघण्याजोगेच आहेत. पण ते फोटो झालेल्या गोष्टीचे. ग्रहण आत्ता चालू असतं. अगदी काटेकोर बोलायचं तर ४० मिनिटांपूर्वी, कारण गुरूपासून उजेड यायला सुमारे तेवढा वेळ लागतो. उजेडाला वेळ लागतो हे माणसाला कळलं तेही आयोच्या ग्रहणांवरून. ओल रोमर यांनी १६७६ मध्ये बघितलं की पृथ्वी गुरूपासून लांब जात असते तेव्हा ग्रहणं उशिरा होत जातात, आणि कारण ओळखलं.

ग्रहणाच्या वेळा स्टेलॅरियम या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आपलं गाव टाकून बघता येतात. गुरू सूर्याच्या बरोबर समोर येतो त्या आठवड्यात प्रयत्न करू नका, तेव्हा सावली नेमकी गुरूच्या मागे लपलेली असते. त्याच्या आधीचे दोन-तीन महिने आयो सावलीत शिरताना दिसतो, नंतरचे दोन-तीन महिने सावलीतून बाहेर येताना. बाहेर येणं बघायला जास्त अवघड, कारण रिकाम्या जागेकडे बघत बसावं लागतं. पण तेव्हा दिसतं ते त्या जगावर परत ऊन पडण्याचा क्षण असतो.

आयोवर माणूस उतरला तर काय होईल, असं शाळेतली मुलं हमखास विचारतात. गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचा मारा तिथं दिवसाला सुमारे ३६ सीव्हर्ट (किरणोत्साराचा मारा मोजायचं माप) पडतो. ५ सीव्हर्ट एकदम बसले तर उपचाराशिवाय माणूस वाचणं कठीण. म्हणजे गंधक, लाव्हा, थंडी यांची पाळी यायच्या आधीच संपलं. शेजारच्या युरोपावर हा मारा कमी आहे, तरी प्राणघातकच, पण त्याच्या बर्फाखाली खारट पाण्याचा समुद्र आहे असं मानायला भक्कम पुरावे आहेत. युरोपा क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालंय, २०३० मध्ये पोचेल. माझ्या दुर्बिणीत युरोपा पांढरा ठिपका आहे. यान पोचेपर्यंत तो मी बघत राहणार.

शुक्राबद्दल थोडक्यात. ४८ पटीला त्याच्या कला दिसतात, कोर छान दिसते, पृष्ठभागाचं काहीही दिसत नाही. फार चकचकीत असल्यामुळे तिन्हीसांजेला, आभाळात उजेड असतानाच बघावा. ती चमक सल्फ्युरिक आम्लाच्या ढगांची. खाली ४६५ अंश तापमान आणि आपल्या ९२ पट दाब. आम्लाचा पाऊस जमिनीला पोचतच नाही, वाटेतच वाफ होतो. माझ्या दुकानातल्या चांगल्यातल्या चांगल्या वाइंडिंगचं, एच क्लासचं इन्सुलेशन १८० अंशांपर्यंतचं. सोल्डर १८३ ला वितळतं, शिसं ३२७ ला. त्या जमिनीवर सोव्हिएत संघाचं व्हेनेरा १३ यान १ मार्च १९८२ ला उतरलं. ३२ मिनिटं टिकावं असं धरून बनवलेलं ते १२७ मिनिटं चाललं, रंगीत फोटो पाठवून बंद पडलं. ज्यांनी त्याची वायरिंग केली असेल त्यांचे हात मला बघायला आवडले असते. आपल्या इस्रोच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. ते यान वरून फिरणारं असेल, उतरणारं नाही.

शनी दाखवला की बघणारा माणूस ‘अरे!’ म्हणतो, हे मी दर वेळी बघतो. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीत आली होती, त्यामुळे त्या वर्षभर कडी म्हणजे एक बारीक रेघ होती. तेव्हा दुर्बीण घेतलेल्या एका ओळखीच्या गुरुजींनी नाराजीने विकायची भाषा केली. मी म्हटलं, गुरुजी थांबा, कड्यांची चकाकी कमी आहे तोवर चंद्र बघून घ्या. कडी परत उघडतातच.

शनीजवळचा सगळ्यात ठळक ठिपका टायटन. तो १६ दिवसांत फेरी मारतो. रोज संध्याकाळी वहीत जागा मांडली की पंधरवड्यात त्याची चाल कागदावर उतरते. मुलांना करायला देण्याजोगं याहून चांगलं काम मला माहीत नाही. टायटनवर जाड हवा आहे, आपल्या दीडपट दाबाची, मुख्यतः नायट्रोजन. उणे १७९ अंश. एवढ्या थंडीत पाणी दगड होऊन बसलेलं असतं, आणि पावसाचं, नद्यांचं, तळ्यांचं काम मिथेन करतं, जे आपल्याकडे गोबरगॅसमध्ये जळतं. तिथला क्राकेन मारे नावाचा समुद्र क्षेत्रफळाने अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठा आहे. गुरुत्वाकर्षण आपल्या सातव्या हिश्श्याएवढं आणि हवा दाट, म्हणून पावसाचा टपोरा थेंब चालणाऱ्या माणसाच्या वेगाने खाली येतो. १४ जानेवारी २००५ ला हॉयगेन्स यान पॅराशूटने तिथं उतरलं. फोटोत समोर गोलसर गोटे दिसतात. नदीच्या पात्रात घासून गोल होतात तसलेच, फक्त ते बर्फाचे. मला त्या फोटोचं वेड आहे. पुढचं यान, ड्रॅगनफ्लाय, २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये पोचावं असा बेत आहे. अणुऊर्जेवर चालणारं, आठ पंख्यांचं, एका जागेवरून उडून दुसऱ्या जागी उतरणारं. त्याच्या मोटरी त्या थंडीत चालणार, त्याबद्दल मिळेल ते मी वाचतो.

शनीचा दुसरा चंद्र, ज्याच्यासाठी आठ इंच खरोखर लागतात, तो इयापेटस. ७९ दिवसांची फेरी. शनीच्या पश्चिमेला असतो तेव्हा सहज सापडतो, पूर्वेला गेला की जवळजवळ पाचपट मंद होतो. खगोलशास्त्रज्ञ जियोव्हान्नी कॅसिनींना तो १६७१ मध्ये सापडला तेव्हा पश्चिमेलाच दिसायचा. पूर्वेला दिसायला त्यांना मोठी दुर्बीण आणि १७०५ साल लागलं. पण त्याची एक बाजू काळी असणार हे त्यांनी आधीच ताडलं होतं. ते खरं निघालं. एक अर्धा भाग डांबराएवढा काळा, दुसरा बर्फाचा. फीबी नावाच्या बाहेरच्या चंद्रावरून उडालेली धूळ त्याच्या पुढच्या अंगावर बसते. काळी जागा जास्त तापते, तिथलं बर्फ उडून थंड, उजळ भागावर जाऊन बसतं, आणि काळं आणखी काळं होत जातं. शिवाय विषुववृत्तावर डोंगरांची रांग, काही ठिकाणी वीस किलोमीटर उंच. एव्हरेस्ट नऊच्या आत आहे. मला यातलं दिसतं ते एवढंच, की महिनाभरापूर्वी ठळक असलेला ठिपका आता शोधावा लागतोय. तेवढ्यावर कॅसिनींनी अर्धं जग काळं असल्याचं ओळखलं, आणि तोच ताळा आपल्या अंगणातून करता येतो. या यंत्राच्या बाजूने माझ्याकडे याहून मोठा मुद्दा नाही.

युरेनस हिरवट चकती, नेपच्यून निळसर ठिपका. युरेनस कुशीवर पडून फिरतो, ९८ अंश कललेला. त्याच्या ध्रुवावर ४२ वर्षं उजेड आणि ४२ वर्षं अंधार. नेपच्यूनवर ताशी दोन हजार किलोमीटरचे वारे, आणि तिथून उजेड यायला चार तास. त्याचा ट्रायटन चंद्र, उणे २३५ अंशांचा, नायट्रोजनचे फवारे उडवणारा, मला या दुर्बिणीतून दिसलेला नाही.

आता सूर्यमालेच्या बाहेर. ‘आठ इंचीतून परग्रह दिसतात का’ असं पुष्कळ जण विचारतात. नाही दिसत. पण त्यांचे तारे दिसतात, आणि कुठे बघायचं हे कळलं की तेही कमी नाही.

दिवाळीच्या सुमाराला संध्याकाळी हंस तारकासमूहाच्या खाली, जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघ शोधा. ४८ पटीला तो धुरकट ठिगळ म्हणून दिसतो. त्याच दृश्यात, थोडं पूर्वेला, एक साधा तारा आहे: एचडी १८९७३३ (एचडी म्हणजे ताऱ्यांच्या एका यादीतला क्रमांक). साडेचौसष्ट प्रकाशवर्षं लांब, म्हणजे आज डोळ्यात शिरणारा उजेड महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास निघालेला. त्याच्याभोवती गुरूपेक्षा किंचित मोठा ग्रह दोन दिवस पाच तासांत फेरी मारतो. हबल दुर्बिणीने केलेल्या मोजणीवरून त्याचा रंग गडद निळा ठरला, पण तो निळा समुद्राचा नाही. हजार अंशांच्या जवळपास तापलेल्या हवेत वाळूच्या जातीचे, सिलिकेटचे कण तरंगतात, त्यांनी निळा उजेड विखुरला जातो असा अंदाज आहे. वारे सेकंदाला दोन किलोमीटरचे. काचेचा पाऊस पडत असेल तर तो आडवा पडणार. जेम्स वेब दुर्बिणीला तिथं हायड्रोजन सल्फाइड सापडल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं, म्हणजे वास सडक्या अंड्यांचा.

सप्तर्षीच्या पुढच्या पायांकडे एचडी ८०६०६ आहे. आठ इंचीतून तिथं दोन जवळजवळ सारखे तारे शेजारी शेजारी दिसतात, जोडी म्हणूनही बघायला सुरेख. त्यातल्या एकाभोवतीचा ग्रह १११ दिवसांत इतक्या लांबट कक्षेत फिरतो, की एका टोकाला तो ताऱ्यापासून, पृथ्वी सूर्यापासून असते जवळजवळ तेवढा लांब असतो आणि दुसऱ्या टोकाला ताऱ्याला घासून जातो. त्या वळणावर सहा तासांत त्याचं तापमान सुमारे ५३० वरून १२३० अंशांवर गेल्याचं स्पिट्झर दुर्बिणीने टिपलं. 

आणि मघा नक्षत्रातल्या ठळक ताऱ्याच्या बरंच दक्षिणेला, अंधुक भागात, बिभा. एचडी ८६०८१ ला २०१९ मध्ये भारताकडून हे अधिकृत नाव मिळालं, बिभा चौधरी यांच्यावरून. विश्वकिरणांवर मोलाचं काम केलेल्या, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधक. ग्रहाचं नाव संतमस, गुरूपेक्षा जड, दोन दिवसांत फेरी. तारा शोधायला नकाशा आणि संयम दोन्ही लागतात, आजूबाजूला खूण म्हणावी असं काही नाही. आमच्या थोरलीने तो स्वतः शोधला आणि वहीत नाव घालून तारीख लिहिली.

वापराबद्दल राहिलेलं. आरसा बाहेरच्या हवेला आल्याशिवाय गुरू-शनी नीट दिसत नाहीत, निदान अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा. स्लॅबवर लावू नका. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो आणि प्रतिमा उकळत राहते. मातीचं अंगण किंवा शेताचा बांध उत्तम. आरशाची रेषा, ज्याला कोलिमेशन म्हणतात, दर वेळी तपासा. मागचे तीन स्क्रू, पाच मिनिटांचं काम. गाडीतून नेली तर ते हमखास हलतात. दोन्ही भाग मिळून वजन वीस किलोच्या वर जातं, जिना असेल तर दोन माणसं लागतात. धूळ दिसली म्हणून आरसा कापडाने पुसू नका, एका पुसण्यात चरे पडतात. सोबत आलेला १० मिलिमीटरचा आयपीस सुमार आहे, पहिला बदल तिथं करा.

ज्यांना ५५ हजार परवडत नाहीत त्यांनी थांबून राहू नये. ७० मिलिमीटरची साधी भिंगाची दुर्बीण घट्ट ट्रायपॉडवर असेल तर तिच्यातूनही आयो विझताना दिसतो, टायटनची चाल वहीत मांडता येते, आणि एचडी १८९७३३ सुद्धा सापडतो. आठ इंचाचे जास्तीचे पैसे जातात ते गुरूच्या ढगांवरून सरकणाऱ्या आयोच्या काळ्याभोर सावलीसाठी, युरेनसच्या चकतीसाठी आणि पूर्वेला गेलेल्या इयापेटससाठी. मला ते द्यावेसे वाटले.